चौथा काटा

"हे तुम्हाला पटायचं नाही. पटलं तर मिशी उतरवून देतो!"

मामा नेहमी अशीच सुरुवात करायचा. मग गळ्याला चिमटा काढून सांगायचा, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

जागा म्हणजे हीच शेड. वेळ, भर दुपारचे अडीच.

"दुपारी?" रंगारी म्हणाला. "भूत आणि दुपारी?"

"सगळेच काय तुझ्यासारखे जेवून घोरत नाहीत!"

मामाची भाची चिऊ दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिचे वडील विमान कोसळून गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. चौकशीचा अहवाल कालच तिच्या हाती आला होता. 'वजन मर्यादेत. एक इंजिन चालू. तरी ताबा सुटला. चूक चालकाची.'

बाबांचं खरंच चुकलं का, एवढंच तिला मामाला विचारायचं होतं. पण रंगारी आणि वायरमन चहाचे ग्लास घेऊन समोर बसलेले, आणि मामा रंगात आलेला.

अर्धी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मामा टर्नर, त्याचे दाजी, म्हणजे चिऊचे बाबा, सुतार. दोघांनी अकरा वर्षं खपून घरच्या घरी विमान बांधलं. पंख दाजींचे, इंजिनं मामाची. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"दाजींना आत बसवायचं म्हणजे एक कामच," मामा म्हणाला. "खुर्चीतून उठले की खुर्चीही बरोबर उठायची!"

वायरमन हसला. चिऊला हसू आलं नाही.

"लोकांना वाटतं, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट भरवसा. एक बंद पडलं की कळतं. जे चालू असतं ना, तेच विमानाला उलथं करतं. आपलंच. धडधाकट."

दाजींचं तसंच झालं होतं. जमीन सुटली, आणि डावं इंजिन खोकून थांबलं. विमान वर चढेना. वेग पडत गेला...

मग उजव्या इंजिनानं त्यांना डाव्या अंगावर पालथं घातलं.

वर्षभरानं मामानं दाजींनी जादा करून ठेवलेले पंख लावून दुसरं विमान उभं केलं. ते अजूनही मागं ताडपत्रीखाली होतं.

घरी बांधलेलं विमान उडवण्याआधी तोलावं लागतं. तीन चाकं, तीन वजनकाटे. आधी रिकामं विमान. मग चालकाला चौथ्या काट्यावर तोलायचं आणि कागदावर बेरीज करायची.

त्या दुपारी मामा एकटाच होता. वाऱ्यानं काटे हलू नयेत म्हणून दार लावलेलं. पंखा बंद.

रिकामं विमान चारशे दहा किलो भरायला हवं होतं.

भरलं... चारशे अठ्ठ्याहत्तर.

मामानं काटे काढले, पुसले, पुन्हा ठेवले. आत डोकावून पाहिलं. एखादं हत्यार राहिलं असेल? पण अडुसष्ट किलोचा पाना मिळतो कुठं?

पुन्हा तेच. चारशे अठ्ठ्याहत्तर.

आणि मग... डाव्या काट्याची सुई खाली आली.

उजवीकडची तेवढीच वर गेली.

थांबली.

मग उजवी खाली. डावी वर.

आत कुणीतरी या सीटवरून त्या सीटवर सरकत होतं.

आवाज नाही. श्वास नाही. फक्त सुया...

"पळाला नाहीस?" वायरमननं विचारलं.

"पाय होते कुठं? ते आधीच पळालेले!"

या वेळी कुणी हसलं नाही.

मग तिन्ही सुया एकदम खाली आल्या. चारशे दहा.

कुणीतरी उतरलं होतं.

चौथा काटा भिंतीशी पडलेला होता. माणसं तोलायचा, चपटा. वर वर्षभराची धूळ. शेवटच्या सकाळी दाजी त्यावरच उभे राहिले होते.

त्याची सुई... हलली.

दहा. तीस. पन्नास.

"आणि थांबली," मामा कुजबुजला. "अडुसष्टवर! बरोब्बर दाजींचं वजन!"

रंगाऱ्यानं ग्लास खाली ठेवला.

"मामा," चिऊ म्हणाली.

तिनं पर्समधून अहवाल काढला. शेवटचं पान उलगडलं, वजनाच्या कागदाची प्रत. "इथंही अडुसष्टच आहे. तुझ्या अक्षरात. मला वाटलं, घाईत चुकलं असेल."

"अगं, मग मी तेच तर सांगतोय..."

"लहानपणी मी काट्यावर उभी राहायचे नाही. बाबा मला कडेवर घेऊन चढायचे, मग एकटे चढायचे. मी वजाबाकी तिथं शिकले, मामा. मला घेऊन एकशे नऊ. एकटे एक्क्याण्णव. आणि पुढं त्यांचं वजन एक किलोही उतरलं नाही. आई त्यांना शेवटपर्यंत चिडवायची."

मामाचा हात मिशीकडे गेला आणि तिथंच राहिला.

"एक्क्याण्णव लिहिलं असतं तर परवानगी मिळाली नसती. होय ना? बाबांनी तुला विचारलं होतं, एक इंजिन बंद पडलं तर चढेल का? आई होती तिथं. तू म्हणालास, दाजी, कागदावर सगळं बसतंय. त्यांनी न वाचता सही केली. मेहुण्याचा कागद म्हणून."

"म्हणजे ही सगळी थापच म्हणायची!" रंगाऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला.

"नाही," चिऊ म्हणाली.

कारण गोष्ट सुरू झाल्यापासून मामानं भिंतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिथं चौथा काटा अजूनही होता. त्यावर गोणपाट टाकलेलं. गोणपाटावर दोन विटा.

मागं ताडपत्रीखाली काहीतरी करकरलं... चाकांवर सावकाश भार यावा तसं.

मामानं डोळे मिटून घेतले.

"बाकी सगळं खरंय," चिऊ म्हणाली. "फक्त आकडे खोटे. विमान पाचशे एक भरलं होतं, आणि सुई अडुसष्टवर थांबली नव्हती. ती एक्क्याण्णववर थांबली होती ना, मामा?"