खुर्चीने दिलेली क्षमा

"ताई, किती मोठ्या मनाची गं तू!" असं म्हणत आई भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत तिच्या गळ्यात पडली, तेव्हा ताईच्या हातात तापलेली इस्त्री होती आणि इस्त्रीखाली एका वकिलाचा पांढराशुभ्र शर्ट होता. आई आपल्याला याआधी कधी बिलगली होती, हे आठवण्यात ताईचे काही क्षण गेले... आणि तेवढ्यात शर्टही गेला.

आईच्या मागे धाकटा भाऊ उभा होता, त्याच्या मागे त्याची बायको. दोघांचेही डोळे रडून लाल झालेले, चेहऱ्यावर मात्र देवदर्शन करून आल्यासारखं समाधान.

"आम्हाला माफ केलंस, ताई!" धाकटा गहिवरून म्हणाला.

"मी? कधी?"

"आत्ताच. तिकडे, बाईंकडे."

घरात तिला सगळे ताईच म्हणत. आईसुद्धा. वडील गेले, लॉंड्री तिच्या अंगावर आली, आणि तेव्हापासून आपण आईची मुलगी की मोठी बहीण, याबद्दल तिच्या मनात अधूनमधून शंका येई. पण शंकेला वेळ कुठे होता? शर्टांच्या कॉलरी होत्या, कोटांवरचे डाग होते, आणि "उद्या सकाळी हवंय हो!" म्हणणारी माणसं होती.

बाई म्हणजे समुपदेशक. आधी धाकटा त्यांच्याकडे एकटाच गेला. काही बैठकांनंतर त्याला शोध लागला, की त्याचा प्रश्न म्हणजे त्याची बायको. मग दोघं जोडीने गेले आणि दोघांनी मिळून, लग्नानंतर प्रथमच एकमताने ठरवलं, की प्रश्न म्हणजे आई. बाई म्हणाल्या, मग सगळं कुटुंबच येऊ दे. "तुमची बहीण?" "ती कशी येणार? दुकान कोण बघेल?" बाईंनी दर वेळी विचारलं, आणि दर वेळी दुकान कोण बघेल हेच उत्तर आलं.

शेवटी बाईंनी एक रिकामी खुर्ची मांडली. जो माणूस आता भेटू शकत नाही तो इथे बसलाय असं समजा, मनात राहिलेलं बोला, मग स्वतः त्या खुर्चीत बसून त्याच्या वतीने उत्तर द्या. बाईंच्या मनात दिवंगत वडील होते. पण तिघं एका सुरात म्हणाले, "बाबांशी आमचं काही नाही. ताईला बसवा."

आणि तिथून तीन गल्ल्यांवर जिवंत ताई चादरींच्या घड्या घालत असताना, तिला तिथे बसवण्यात आलं!

"मीच बसलो तुझ्या जागी," धाकटा सांगू लागला. "पाय जुळवले, मान खाली घातली आणि म्हणालो, 'जाऊ दे गं आई, त्यात काय एवढं.'"

"हुबेहूब तुम्ही!" भावजय म्हणाली. "माझ्या तर अंगावर काटा आला."

"पण माफ कशाबद्दल केलं मी?"

आई एकदम वकिलाच्या शर्टाकडे पाहू लागली. धाकट्याने छताकडे पाहिलं. भावजय या घरात नवीन होती. कुठली गोष्ट माणसाला सांगायची आणि कुठली फक्त फर्निचरला, हे तिला अजून कळलं नव्हतं.

"ते चष्मेवाले, ताई... त्यांचा नकार नव्हताच ना. आईंनीच त्यांना परत पाठवलं होतं. तुम्हाला लग्न करायचं नाही, असं सांगून."

ताईने इस्त्री उभी केली.

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारा तो! एका डोळ्यावर झाकण ठेवून "आता दिसतंय?" असं हळुवार विचारणारा... त्याने नकार कळवला, असं आईने सांगितलं होतं. त्यानंतर किती वर्षं ती आरशात स्वतःचा चेहरा धुंडाळत राहिली होती! नाक? दात? की हातांना कायम येणारा साबणसोड्याचा वास? काहीतरी असणारच, एरवी इतका सज्जन माणूस न भेटता कसा जाईल... आणि आज तिला कळत होतं, की त्या चेहऱ्यात तसं काहीच नव्हतं. हे दुःख तिने काय म्हणून जपलं होतं?

पुढच्या बैठकीला ताईने लॉंड्रीचं शटर ओढलं आणि ती स्वतः गेली. बाईंना मनापासून आनंद झाला.

"आता त्या आल्याच आहेत. बोला आई, त्यांच्याशी."

आईने घसा खाकरला, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "ताई, बाळा..."

"आई, मी इकडे आहे."

"हो गं. पण मला त्या बाजूने सुचतं."

ताई उठली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली. आईची नजर हळूच सरकली, आणि ताई जिथून उठली होती त्या खुर्चीवर जाऊन स्थिरावली.

"मी सांगू का तिच्या वतीने?" धाकट्याने विचारलं. तो पाय जुळवायलाही लागला होता.

"तू गप्प बस!" ताई ओरडली. ती ओरडू शकते, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. "आई, माझ्याकडे बघ. मी काही 'जाऊ दे' म्हणणार नाहीये. माझ्या तोंडावर सांग, काय केलंस तू?"

आईने मान वळवली. चेहरा पडलेला... ओठ कोरडे. खुर्चीपुढे वाहणारा तो मायेचा पूर कुठल्या कुठे आटला होता.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तो दोनदा आला होता. दुसऱ्यांदा तर दाराबाहेर उभाच राहिला. तू गेली असतीस तर दुकान बसलं असतं, याचं शिक्षण राहिलं असतं... नाही, तेही कारण नव्हे. मला एकटीला भीती वाटली. तू आरशापुढे रडायचीस ते मी दाराआडून बघत होते. तरी बोलले नाही. आणि खरं सांगू? ती वेळ आज आली, तर मी पुन्हा तेच करीन."

बाईंनी आईकडे पुढे केलेला हात मागे घेतला.

इतक्या वर्षांत आईचं एवढं खरं वाक्य ताईने ऐकलं नव्हतं. ते काळजात रुतलं... आणि रुतल्यावर आत कुठेतरी, लाजिरवाणं वाटावं इतकं, बरं वाटलं.

"मी माफ केलेलं नाही, आई."

"ठाऊक आहे."

"कदाचित करणारही नाही."

"नको करूस."

"उद्यापासून दुकान हा उघडेल."

"मला इस्त्री येत नाही!" धाकटा कळवळला.

"भाजेल, मग येईल." ती उठली. "मी बहुतेक इथून जाईन. कुठे ते ठरवलं नाहीये."

"जा," आई म्हणाली. "पण मला न सांगता जाऊ नकोस."

"सांगेन. समोर बसून सांगेन."

आणि रिकाम्या खुर्चीपुढे धाय मोकलून रडलेल्या त्या आईने, पोटच्या मुलीपुढे, कोरड्या डोळ्यांनी नुसती मान हलवली.