मध्ये रेघ असलेली गोळी

"माझ्या गोळ्या कोणीतरी बदलतंय," घड्याळजी दार उघडतानाच गुप्तहेरबाईंना म्हणाले. "ज्याने बदलल्या, त्याचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही."

घड्याळजींना वडिलांकडून नसांचा आजार आला होता. पाय बधिर, बोटांत जोर नाही. घड्याळं दुरुस्त करणं कधीच सुटलं होतं. त्यात कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेऊनही तीन महिन्यांत ते चढलं होतं. त्यांच्याकडे येणारी माणसं इनमिन दोन, औषधवाला आणि धाकटी बहीण. त्यातलंही एक आता कमी होणार होतं.

गुप्तहेरबाईंनी सात कप्प्यांचा डबा उघडला. आतल्या प्रत्येक गोळीवर मध्ये रेघ होती. शेजारच्या पाकिटातल्या गोळ्या मात्र गुळगुळीत होत्या.

"औषधवाल्याचीच लबाडी!" सोबतचे ड्रॉइंग मास्तर म्हणाले. मास्तरांचा निकाल नेहमी तपासाच्या आधी लागायचा.

बोलावून घेतलेला औषधवाला भडकला. "रेघवाली गोळी कॅल्शियमची आहे, ताई स्वतःसाठी नेतात. दादांचं पाकीट मी सीलबंद देतो. फोडून डबा कोण भरतं, ते विचारा!"

"मी भरते," बहीण म्हणाली. कठडा धरून, दम खात ती नुकतीच जिना चढून आली होती. तिच्या चपला नव्या होत्या, पण पुढची टोकं झिजलेली. "दादा, आज बोटं कशी आहेत? काही फरक?"

"तीन महिने रोज हेच विचारतेस. फरक कसला पडणार?"

"घरावर डोळा आहे," मास्तर कुजबुजले.

"घरावर डोळा असणारी माणसं रोज बोटांची चौकशी करत नाहीत, मास्तर." बाई बहिणीकडे वळल्या. "गोळी बंद केल्यावर दादांची बोटं सुधारतात का, हे तुम्ही बघत होतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही कधी कधी हातपाय बधिर होतात. दोष गोळीचा निघाला असता, तर आजार रक्तातला, घराण्यातला ठरला नसता. आणि पाय घासत चालायला तुम्हीही लागला आहात."

बहिणीने झिजलेल्या चपला मागे ओढल्या. "सहा महिने झाले. घरात सांगायला तरी कोण आहे मला?"

"अगं, डॉक्टरांना विचारायचंस ना!" घड्याळजी ओरडले.

"त्यांनी माझेही पाय तपासले असते, दादा."

घड्याळजींनी दोन्ही हातांनी रेटत डबा तिच्यापुढे सरकवला.

"उद्या दोघं जाऊ डॉक्टरांकडे. सगळं सांगू. नंतर डबा तूच भर, माझ्याच गोळ्यांनी."

तिची मान वर होईना.

"वर बघ," ते म्हणाले. "तुझं तोंड बघू दे मला."