देवमाशाचा कान

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण याला बनवाबनवी म्हणू नका. ते हाड मी माझ्या या हातात धरलेलं आहे.

ही माझ्या मामेबहिणीची, ईशानीची हकिगत. तिच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तारीख १ डिसेंबर २०२४. वार रविवार. वेळ दुपारी सव्वाबाराची. जागा धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या पुढचा एक कोरडा नाला.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची दुपार पाहिलेली नाही.

आधी मामा-मामींचं सांगतो. उमाशंकरमामा धारच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना नाद एकच, दगडांचा. बागच्या बाजूला कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. आजही तिथल्या चुनखडीत शिंपले सापडतात, क्वचित शार्कचा दात मिळतो. दर हिवाळ्यात रविवारी मामा आणि सुभद्रामामी जुनी अल्टो काढायचे. वाटेत तिरल्याला चहा, डब्यात पोळी-भाजी आणि दिवसभर नाला.

मामा शिंपले शोधायचे. मामी देवमासा शोधायची.

"अगं, हा समुद्र हटला तेव्हा देवमासा जन्मालाही आला नव्हता," मामा शंभरदा सांगायचे. "त्याची हाडं कच्छात मिळतात. इथं सात जन्म फिरलीस तरी मिळायची नाहीत."

"तुमच्या पुस्तकाला काय कळतंय?" मामी म्हणायची. तिचा हट्ट म्हणजे हट्ट.

तिची पद्धतही ठरलेली. दगड उचलला की त्याला जीभ लावायची. जुनं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. काही सापडलं की त्याच्याभोवती खड्यांचं गोल कडं करायचं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मग हातोडीने खडकावर दोन ठोके मारायचे. ठक ठक. म्हणजे, अहो, इकडे या.

त्या नाल्यात दोघं दिवसभर बोलत असायची. घरी मात्र चिडीचूप! माझं आजोळ संस्थानाच्या नोकरीतलं. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, नावाने हाक मारायची तर बातच सोडा. संस्थान जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

त्या पिळानेच सगळा घात केला.

जानेवारी २०२३. मामी देवासच्या दवाखान्यात. तीन दिवस शुद्ध नव्हती. दुपारी मालन सिस्टर मामांना म्हणाली, "भिया, बात करो इनसे. सुन री हैं ये. कान सबसे आखिर में जाते हैं."

मामा पलंगाच्या एका बाजूला उभे होते. दुसऱ्या बाजूला गंगाजळाची वाटी घेऊन माझी आई. मामांची थोरली बहीण. सगळे तिला ताई म्हणतात.

ईशानी दाराशी होती. तिने पाहिलं, बाबांचे ओठ हलले...

मग त्यांनी मान वर करून ताईकडे पाहिलं.

आणि म्हणाले, "खिडकी लावून घेतो. वारं येतंय."

तेवढ्यात सिस्टरने ईशानीला इंजेक्शन आणायला खाली पिटाळलं. ती परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. बाबा अजून खिडकीशीच होते, भिंतीला टेकून.

त्यानंतर मामा मिटले. सकाळी अर्धी पोळी, रात्री तीही नाही. अल्टोवर धूळ साचली. दोन वर्षांत माणूस निम्मा झाला. ईशानीने नोकरी धारला आणली, लग्न पुढे ढकललं. वडीलही डोळ्यांदेखत चालले होते आणि तिच्या हातात काही नव्हतं. "इन्हें बाहर निकालो," डॉक्टर म्हणाले. म्हणून त्या रविवारी ती त्यांना घेऊन नाल्यात गेली.

बाबा एका बाभळीखाली बसून राहिले. ती उगाच दगड उलटे करत होती. पलीकडे कुणाची तरी शेरडं चरत होती. पाखरांची किचकिच चालू होती.

सव्वाबारा वाजले...

आणि किचकिच थांबली.

तिने मान वर केली. शेरडं दिसेनात. त्यांच्या गळ्यातल्या घंटाही वाजेनात.

मग नाल्याच्या वळणापलीकडून...

ठक ठक.

तिला वाटलं, कुणी गुराखी असेल. पण बाबा उभे राहिले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस एवढ्या चटकन उठला होता.

"ईशू, हातोडी कुठंय?"

"गाडीत, बाबा. आपण आणलीच नाही इकडे."

ठक ठक.

बाबा धावत सुटले. ती मागोमाग. वळणापलीकडे कुणी नव्हतं. पायाचे ठसेही नव्हते. नुसता पांढरा खडक, आणि त्यावर खड्यांचं गोल कडं...

कड्यात एक वस्तू होती. मुठीएवढी, तपकिरी, मोठ्या कवडीसारखी.

ईशानी वाकली. त्या कोरड्या, तापलेल्या वस्तूवर एका जागी ओल होती.

जीभ लावावी तेवढीच ओल.

तिच्या डोळ्यांदेखत ती वाळली.

बाबा मटकन खाली बसले. "देवमाशाचा कान," ते म्हणाले. "कानातलं हाड. सगळ्यात टणक. बाकीचं सगळं जातं, हे उरतं. ईशू, हे इथं असूच शकत नाही गं!"

घरी येऊन तिने फोटो एका ओळखीच्या प्रोफेसरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "वाह! कच्छ कब गए थे?"



दुसऱ्या दिवसापासून बाबा दुपारी दार लावून बसू लागले. हाड दोन्ही हातांत धरून बोलत. दारातून तिला ऐकू यायचं. बाबा आईला नावाने हाक मारत होते. सुभद्रा, म्हणत होते. माफ कर, म्हणत होते. तुझ्याशिवाय मला घर खायला उठतं, म्हणत होते. जन्मात कधी न बोललेलं सगळं. ईशानी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायची.

मग बाहेर येऊन ते विचारायचे, "तिला ऐकू गेलं असेल का गं? मी कान लावतो, पण मला काहीच येत नाही." उत्तर नाही म्हणून अर्धी पोळीही सुटली. आठव्या दिवशी बोलता बोलता ते पडले.

ईशानीचा तोल सुटला. "बाबा, पत्थर आहे हा, पत्थर! बस करा अब! हे बघा, कुछ नहीं है इसमें!"

आणि तिने ते हाड कानाला लावलं.

आधी नुसती घूं घूं.

मग लांबून बीप... बीप... दवाखान्यातल्या मशीनसारखं.

मग खिडकीची कडी लागल्याचा आवाज.

आणि मग आई.

अगदी क्षीण. अगदी जवळ.

"अहो... वन्सं बाहेर गेल्यात. आता बोला ना."

पुन्हा बीप बीप. पुन्हा तेच.

"अहो... आता बोला ना."

बाबा जमिनीवरून तिच्याकडे बघत होते. "काही म्हणाली? ईशू, काय म्हणाली?"

आठ दिवस त्या माणसाने काळीज काढून ओतलं होतं, आणि त्यातलं अक्षरही तिकडे पोचलं नव्हतं. ईशानीने बाबांचा खप्पड चेहरा पाहिला.

"म्हणाली... ऐकलं सगळं."

मामा लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. त्या रात्री ते ताटावर बसले. चार दिवसांनी अल्टो धुतली. हाड त्यांनी ईशानीच्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडे. माझं बोलून झालं."

मी देवासला माझ्या आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, मामी गेली तेव्हा तू कुठं होतीस?

"मी बाहेर गेले होते रे. उमा खिडकीकडे वळला ना, तेव्हा. म्हटलं, माझ्यामुळे अवघडलाय, दोघांना बोलू दे. दार हळूच लावलं. त्याला वाटत राहिलं मी तिथंच आहे. पाठ करून उभा राहिला वेडा... हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही."

मी तिला पुढचं काही सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

ईशानी रोज दुपारी ते हाड कानाला लावते. "आई, मी आहे गं, ईशू," म्हणते. पलीकडे फरक नाही. आईला लेक नको आहे. ती त्यांची वाट बघते आहे. आणि ते आता येत नाहीत.

परवा मी तिला फोनवर म्हटलं, "खरं काय ते सांगून टाक मामांना. पुन्हा बोलू देत. कधी तरी पोचेल."

मागून मामांचा आवाज आला, वरण वाढ गं थोडं.

"बाबा आता दोन पोळ्या खातात रे," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.