दारावरची सोनेरी रेघ

कमळाकरच्या पडवीत मोटार आली ती टेम्पोवर लादून, आणि तिची दशा अशी की रामवाडीतली पोरंही तिला मोटार म्हणेनात. दोन माणसांची, उघड्या टपाची, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. चारी टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झालेली, आणि पुढे दिव्यांच्या जागी दोन भोकं.

"गणपती रंगवनारा मानूस तुमी, ह्ये धूड कशाला आनलंत?" शकूने, त्याच्या बायकोने, कमरेवर हात ठेवून विचारलं.

कारण होतं, पण मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. पेणच्या एका कारखान्यात कमळाकर वीस वर्षं आखणी करत होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. ते सगळ्यांत शेवटी काढायचे, आणि ज्याचा हात स्थिर त्यानेच. दोन वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र कापतच राहिला. आता त्याला नुसत्या मूर्ती घासायला बसवत. मालकाने सांगून टाकलं होतं, येत्या श्रावणात हात बसला तर डोळे तुझे, नाही तर दुसरा माणूस कायमचा.

रोह्याच्या वत्सलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवऱ्यामागे गोठ्यात पडलेली ही गाडी कुणाला तरी देऊन टाकायची म्हणत होत्या. कमळाकरला वाटलं, पत्र्यावर चालवून चालवून हात वळणावर येईल. पत्रा काही मूर्तीसारखा फुटत नाही. दिवे बाईंनी काढून घरात जपले होते. त्यांची अट एकच होती: चालू झाली की मला कोलाडपर्यंत चहाला न्यायचं.

हायवेवरचा बाबाजी मेकॅनिक इंजिन उतरवून घेऊन गेला. कमळाकर पॉलिश पेपरने पत्रा घासत बसला. वर हिरवा रंग, त्याखाली काळा, त्याखाली मरून. आणि मरूनवर, बॉनेटपासून शेपटीपर्यंत, हळूहळू एक सोनेरी रेघ वर आली.

सुरुवातीला ती कापत होती. दाराच्या मुठीपाशी बोटभर तुटली होती. तिथून पुढे मात्र सरळ, संथ, आणि शेवटाला किंचित वर उचललेली. कमळाकर उकिडवा बसून बघतच राहिला. गणपतीची भुवई असा शेवट देऊन सोडणारा पेणमध्ये एकच माणूस होता, तो स्वतः.

त्याने पीसीओवरून बाईंना फोन लावला. "मरून? तो पहिला रंग," बाई म्हणाल्या. "बासष्ट साली."

बासष्ट साली कमळाकर आठ वर्षांचा होता. बाप मिठागरावर मीठ ओढत होता, घरात ब्रश कुणाला ठाऊक नव्हता. पण एवढ्या रंगाऱ्यांच्या गावात एखाद्याची रेघ जुळायचीच, अशी त्याने मनाची समजूत घातली. बटर पेपरवर ती उतरवून घेतली, कागद ट्रंकेत टाकला आणि पत्रा कोरा केला.

चैत्रात इंजिन बोलायला लागलं. पत्र्यावर पुन्हा मरून चढला. "दिवे मागव, वायरिंग उरकून टाकू," बाबाजी म्हणाला.

"नाय. आधी रेघ, दिवे शेवटी. डोळं आधी काढलं त काम करनाऱ्याकडं बघत ऱ्हातात."

बाबाजी खो खो हसला, पण दिवे रोह्यालाच राहिले.

रेघ ओढायच्या सकाळी शकूने ब्रशच्या दांडीला लाल दोरा गुंडाळला, पकड यावी म्हणून, आणि गाठ दातांनी घट्ट केली. कमळाकरला सरळ रेघ हवी होती, जुन्या रेघेशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. पण बॉनेटवर ब्रश टेकला आणि हात कापला. कसाबसा तो दारापर्यंत आला, तर मागून शकू म्हणाली, "अवो, चाय निवंल." त्याने दचकून हात उचलला. बोटभर जागा सुटली. त्याने ब्रश पुन्हा टेकवला.

हात कापायचा थांबला.

रेघ पुढे धावली आणि शेपटीशी वर उचलली. त्याला रडूच फुटलं.

शकूने ट्रंकेतला कागद आणून रेघेसमोर धरला. थरथरीवर थरथर बसली, तुटीवर तूट. ब्रश धुवायला म्हणून तो वळला, तर ब्रश नव्हता. गाडीखाली नाही, पडवीत नाही, अंगणातही नाही.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई एसटीने आल्या, हातात फडक्यात बांधलेले दिवे. रेघ बघून दारातच थांबल्या.

"अशीच होती. पेणहूनच कुणी आला होता. आमचे हे दिवे बसवायला निघाले, तर तो म्हणाला, दिवे शेवटी."

"दिसाया कसा होता, बाई?" शकूने विचारलं.

बाईंनी कमळाकरकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "चेहरा नाही आठवत. हात आठवतो. आधी कापत होता, मग नाही."

फडक्यात दिव्यांबरोबर एक ब्रश होता. "हा आमच्याकडे विसरून गेला तो. परत करायचा राहूनच गेला."

ब्रशचे केस वाळून काठी झाले होते. दांडीवरचा दोरा विटून गुलाबी पडला होता. शकूने गाठीवरून नख फिरवलं.

"गाठ माजीच हाय," ती हळूच म्हणाली.

कमळाकरने दिवे बसवले. बाबाजीने बाईंना कोलाडला नेलं, आणि बाई शाळकरी मुलीसारख्या हसत परत आल्या.

श्रावणात मालकाने पहिली मूर्ती पुढ्यात ठेवली. कमळाकरने तोच जुना ब्रश तेलात भिजवून मऊ केला होता. हात जरासा कापला. या वेळी तो घाबरला नाही, थांबला, आणि मग टेकवला. संध्याकाळपर्यंत अकरा मूर्ती त्याच्याकडे बघत होत्या. मालकाने बारावी पुढे सरकवली.

घरी येऊन त्याने पिशवी उघडली. ब्रश नव्हता.

"शोधू?" शकूने विचारलं.

"नको गो. कुनाला तरी लागत आसंल."

ती हसली. उद्यासाठी म्हणून तिने फळीवरचं बंद पाकीट फोडून कोरा ब्रश काढला. त्याच्या दांडीला दोरा होता, लालभडक.

दातांनी आवळलेली गाठ अजून ओली होती.