प्रॉक्सीला बोलता येत नाही

अरुणा ढवळेला त्या सकाळी अख्ख्या जगाचा राग आला होता. पण अख्ख्या जगावर एकदम चिडता येत नाही, म्हणून तिने रांगेत पुढे उभा असलेला एकच माणूस निवडला होता.

उंच, चष्मेवाला, तिशीच्या अलीकडचा. गेली दहा मिनिटं तो खिडकीतल्या कारकुनाशी हुज्जत घालत होता. "भाईसाहब, मम्मी ने डबल बेड वाला बोला है. सिंगल लेकर गया तो घर में घुसने नहीं देंगी."

पानिपतच्या त्या ब्लँकेट गिरणीची वार्षिक सभा दरवर्षी अशीच व्हायची. दहा शेअर असले तरी दारात नाश्त्याचं पाकीट आणि एक ब्लँकेट मिळायचं. दिल्लीहून लोक बस भरभरून यायचे, सप्टेंबरच्या उकाड्यात ब्लँकेट काखोटीला मारून परत जायचे आणि कंपनी फार चांगली आहे असं वर्षभर सांगत सुटायचे.

"काय माणूस आहे!" अरुणा पुटपुटली.

तो गर्रकन वळला. "मराठी माणूस आहे," तो हसून म्हणाला. "अविनाश निमकर. सॉरी हं... बस, दोन मिनिटं."

आणखी पाच मिनिटं लागली.

तिच्या रागाला कारण होतं. तिचे वडील अण्णासाहेब जूनमध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. दिल्लीतलं आर. के. पुरमचं क्वार्टर डिसेंबरात सोडायचं होतं. मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता याच महिन्याच्या तीस तारखेला भरायचा होता. नाही भरला, तर फ्लॅट दुसऱ्याला. आणि अण्णासाहेबांच्या डोक्यात भलतंच शिरलेलं! गिरणीचा नफा वर्षात पंचावन्न लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला होता. म्हणजे दुप्पट! सगळी ग्रॅच्युइटी या शेअरमध्ये घालायची आणि शेअरही दुप्पट झाला की आणखी मोठा फ्लॅट घ्यायचा, असा त्यांचा बेत. ब्रोकरचा माणूस आज संध्याकाळीच चेक न्यायला येणार होता.

अरुणाने ऑडिट ऑफिसात चार वर्षं काढली होती. गिरणीचा अहवाल तिने शेवटच्या पानापर्यंत वाचला होता. मधेच कुठेतरी एका ओळीत म्हटलं होतं की जुन्या गोदामाची जागा विकली. कितीला, ते मात्र गुलदस्त्यात. तीन आठवडे ती घसा कोरडा करत होती. "अण्णा, जागा एकदाच विकता येते. ब्लँकेटं विणून आणि विकून काय सुटतं, ते बघायचं. शेअरची किंमत त्यावरून जोखायची. या वर्षी तुम्हाला ग्रॅच्युइटी मिळाली, म्हणून तुमचा पगार वाढला असं म्हणाल का?"

"ग्रॅच्युइटी माझ्या घामाची आहे!" अण्णासाहेब दुखावले. "चेअरमनच्या तोंडून वदवून आण, मग बघू." गिरणीचे दहा शेअर त्यांच्याकडे आधीपासून होते, पण पाय मुरगळला होता, म्हणून रीतसर फॉर्म भरून त्यांनी तिला आपली प्रॉक्सी, म्हणजे आपल्या जागी मत देणारी, म्हणून पाठवलं होतं.

हॉलमध्ये शेजारची खुर्ची नेमकी त्या निमकरानेच पकडली.

"तुम्ही ही बर्फी खाणार नाही आहात का?"

"घ्या!"

"नाही, तसं नाही... वाया जाऊ नये म्हणून."

प्रश्नांची वेळ झाली. अरुणा उठली, तिने घसा साफ केला —

"मॅडम, आप मेंबर हैं?" व्यासपीठावरून कंपनी सेक्रेटरीने विचारलं.

"प्रॉक्सी हूँ."

"प्रॉक्सी वोट दे सकते हैं, बोल नहीं सकते. नियम है. बैठ जाइए."

ती बसली. नियम खरा होता आणि ऑडिटवालीला तो माहीत नव्हता! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते शेजारच्याने पाहिलं, याचा संताप वेगळाच.

"मी मेंबर आहे," तो हळूच म्हणाला. "आईने माझ्या नावावर दहा शेअर घेतलेत. काय विचारायचंय?"

"तुम्हाला कळतं त्यातलं काही?"

"बिल्कुल नाही. तुम्ही सांगा, मी बोलतो." आणि तो उभा राहिलासुद्धा.

"गोदामाची जागा कितीला विकली?" ती खालून कुजबुजली.

"चेअरमनसाहब, गोदाम की जमीन कितने में बेची?"

"आपके आशीर्वाद से बहुत अच्छे दाम मिले." टाळ्या.

"आकडा विचारा, आकडा!"

"आँकड़ा बताइए, आँकड़ा!"

"उसमें मुनाफ़ा हुआ नब्बे लाख," चेअरमन नाइलाजाने म्हणाले. "और मुनाफ़ा तो मुनाफ़ा होता है, बेटा."

"म्हणा, ते बाजूला ठेवा. नुसत्या ब्लँकेटांवर किती सुटले?"

"वो साइड में रखिए. सिर्फ़ कंबल से कितना बचा?"

"बैठो यार, समोसा ठंडा हो रहा है!" मागून कुणीतरी ओरडलं. अविनाश बसला नाही. चेअरमननी अकाउंटंटकडे पाहिलं, अकाउंटंटने छताकडे. अखेर आकडा आला — "बीस लाख."

पंचावन्नाचे वीस! अरुणाने कपाळाला हात लावला.

"हे कमी आहे का?" अविनाश खाली वाकून विचारत होता.

"बसा हो आता!"

परतीच्या बसमध्ये त्याने तिला खिडकी दिली आणि स्वतः ब्लँकेट मांडीवर घेऊन घामाघूम होत बसला. तो जल आयोगात यमुनेची पातळी मोजायचा, आईबरोबर मयूर विहारला राहायचा. "मला आत्ता समजलं," तो एकदम म्हणाला. "पुराचं पाणी बघून नदी केवढी ते सांगायचं नाही. मे महिन्यात किती वाहते, ते बघायचं. बरोबर?"

अरुणा त्याच्याकडे बघतच राहिली. तीन आठवड्यांत अण्णांना न कळलेलं याला तासाभरात... चष्म्यामागचे डोळे बरे होते. ती घाईने खिडकीबाहेर बघायला लागली.

"मी घरी येतो. वडिलांना साक्षीदार लागेल ना?"

"काही गरज नाही."

तो आलाच.

घरी ब्रोकरचा माणूस चहा घेत बसला होता आणि अण्णासाहेबांच्या हातात चेकबुक होतं. अविनाश गिरणीचा मेंबर आहे एवढी ओळख करून देऊन अरुणाने पुढे तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णासाहेब म्हणाले, "तू थांब जरा. हे मेंबर आहेत ना? यांना सांगू दे. काय म्हणाले चेअरमन?"

"नव्वद लाख जागेचे. ब्लँकेटांचे वीस."

"अच्छा! वीसच? मग काही अर्थ नाही."

झालं! तीन आठवडे तिने घसा फोडला आणि याने दोन वाक्यं बोलून काम केलं. अरुणाच्या डोक्यात तिडीक गेली. आता हा माणूस मिशीतल्या मिशीत हसणार, असं तिला वाटलं. त्याला मिशी नव्हती आणि तो हसतही नव्हता.

"काका, एक मिनिट," अविनाश म्हणाला. "मी नुसता उभा होतो. प्रश्न यांचे, हिशेब यांचा. तिथे नियम होता, म्हणून यांना बोलता आलं नाही. इथे तर तसा नियम नाही ना?"

ब्रोकरच्या माणसाने कप खाली ठेवला. अण्णासाहेबांनी लेकीकडे पाहिलं आणि पेन उघडलं.

"चुकलं माझं. कुणाच्या नावाने लिहू, तू सांग."

"सोसायटीच्या," अरुणा म्हणाली. हा माणूस तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता. एवढ्या वैतागाच्या दिवशी आवडावा, याचाही तिला राग आला.

त्याला सोडायला ती जिन्याखाली आली.

"तुमचं मात्र लगेच ऐकलं त्यांनी!"

"मला पण राग आला त्याचा," तो म्हणाला. मग चष्मा पुसत... "तुम्ही डिसेंबरात आमच्याकडेच राहायला याल. म्हणजे — मयूर विहारला. चांगलंच झालं."

"हो."

"फक्त... डिसेंबरपर्यंत मला थांबता येणार नाही."

सकाळपासूनचा सगळा वैताग तिच्या ओठांवर आला आणि कसं कोण जाणे, त्याचं हसू झालं.

"मग थांबायला कुणी सांगितलंय तुला?" ती म्हणाली. "रविवारी ये. आईला घेऊन ये."