उभ्या गाडीचा करंट

रिसोडमध्ये वाशीम रस्त्याला धनराजचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. जगात अक्कल असलेला माणूस एकच आणि तो या दुकानात बसतो, हे त्याचं पक्कं मत. गिऱ्हाईक मूर्ख, कंपनीचे इंजिनिअर दीडशहाणे आणि बाकीचे मेकॅनिक नुसते हातोडेबहाद्दर. कोणी गाडीला लिंबू-मिरची बांधून आणली, की आधी तो ती काढायला लावायचा. "याच्यानं बॅटरी चार्ज होत असन, तर माह्याकडं कायले आला?" असं विचारायचा आणि समोरच्याचं तोंड पडलं की खूश व्हायचा.

मे महिन्यात एका सकाळी अकराच्या सुमाराला प्रसेनजित सर दुकानासमोर रस्त्यावर गाडी घेऊन उभे राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अंगात इस्त्रीचा शर्ट. मागच्या सीटवर उजवीकडे त्यांची आई चंपाबाई बसलेली. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वाशीमला न्यावं लागायचं. त्या दिवशीही दोन वाजताचा नंबर होता. सरांनी तिला हात धरून उतरवलं, नालीवरच्या फळीवरून जपून आणलं आणि दुकानातल्या बाकावर पंख्याखाली बसवलं.

"गाडी पळते तोवर काहीच नाही," सर म्हणाले. "उभी राह्यली का चार्जिंग उतरते. मागच्या खेपेले वाशीमच्या बाजारात गर्दीत अडकलो तर बंदच पडली. आईले घेऊन पाऊण घंटा उन्हात होतो, तिचं बीपी खाली गेलं. तिघायले दाखवली. नवा डायनामो टाकला, नवी बॅटरी टाकली."

"टाकतीनच," धनराज म्हणाला. "ज्याले रोग समजत नाही तो पार्ट बदलते. तुमी पोट्ट्याइले शिकवता न, सर? तुमाले एवढं समजू नये?"

सरांनी फक्त घड्याळ पाहिलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मानही नसतो, हे धनराजला वर्षानुवर्षांच्या धंद्यात पाठ झालं होतं.

त्याने इंजिन चालू करून बॅटरीला मीटर लावला. बारा पॉइंट एक. उभ्या गाडीतही चौदा व्होल्टच्या आसपास हवे होते. रेस दिली तसा आकडा चौदावर गेला. रेस सोडली तसा पुन्हा बारावर आला. इंजिन बंद करून त्याने डायनामोचा पट्टा दाबून पाहिला. घट्ट होता. डायनामोचे कार्बन पाहिले, नवे होते. अर्थिंगची वायर सोडून घासली आणि परत आवळली. पुन्हा इंजिन चालू केलं. बारा पॉइंट एक.

मग त्याने करंट मोजायचा चिमटा बॅटरीच्या वायरीभोवती लावला. लाइट बंद, एसी बंद, टेपसुद्धा बंद, आणि तरी चोवीस अँपिअर कुठेतरी चालले होते. इंजिनाला लागणारे ठेवून बाकीचे फ्यूज त्याने एकेक करून काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. चोवीसचे चोवीसच.

"कोठीतरी खाऊन राह्यला करंट," तो म्हणाला. "आन् खाल्ला का गरम व्हाच लागते. करंट हवेत जात नाही. पुस्तकात असन न तुमच्या?"

तो हाताने गरम वायर शोधू लागला. बॉनेटखाली, डॅशबोर्डमागे, पायाखालच्या गालिच्याखाली. एकही वायर गरम नव्हती. शेवटी त्याने मागचं सीट उचलून पाहिलं. खाली नुसता पत्रा. धूळ, एक बटण, वायरीचा तुकडासुद्धा नाही. सीट परत बसवताना त्याचा तळवा डाव्या बाजूच्या गादीवर टेकला.

गादी गार होती. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला, गाडीचा पत्रा हात भाजत होता, आणि ती गादी रांजणाच्या बुडासारखी गार होती. आत्ताच बसवलेली, तरी मधोमध दबलेली.

त्याने हात काढून पँटीला पुसला.

"तिथं हात नको लावू, बाबू," बाकावरून चंपाबाई म्हणाली. "बसला हाये तो."

"आई," सर एकदम ओशाळून म्हणाले, "आपल्यात असलं मानत नाहीत."

"मी कुठी मानते मनली? बसते, ते सांगतलं." तिने पदराने मान पुसली. "होळीपासून बसते. गाडी पळते तोवर गप राह्यते. उभी राह्यली का इचारते, मी कोठी उतरू. मी मनते, बाप्पा, मले काय माईत तुयं गाव कोणतं."

धनराजला हसू आवरेना. शिकलेल्या घरातही शेवटी हेच निघतं, याचा त्याला आनंदच झाला.

"वा रे सर! डायनामो बदलला, बॅटरी बदलली, आन् तुमच्या गाडीत बिनतिकिटाचा पाशिंजर. तिघंही मेकॅनिक येडे, तेइनं त्याले उतरवलंच नाही."

"धनराजभाऊ, म्हातारं माणूस हाये ते. तुमी गाडीचं पाहा."

"गाडीचंच पाह्यतो."

आणि त्या माजात तो तेलकट पँटीनिशी मागे डाव्या बाजूला जाऊन बसला. गारवा पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत सरसरत चढला. त्याने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एका हाताने तीच गादी थोपटली आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चल बे पाव्हण्या, आलं तुयं गाव. उतर इथीच. हे माहं दुकान हाये, राह्य खुशाल."

इंजिनचा आवाज बदलला.

इतका वेळ पट्ट्याची एक बारीक कण्हल्यासारखी घरघर चालली होती. ती थांबली तेव्हाच ती होती हे लक्षात आलं.

"भाऊ," सर मीटरवर वाकून म्हणाले. "चौदा पॉइंट दोन."

धनराज उतरला. त्याने स्वतः पाहिलं. चौदा पॉइंट दोन. चिमटा लावला, वाया जाणारे चोवीस अँपिअर गेले होते. फ्यूज परत बसवले, लाइट लावले, एसी लावला. आकडा जेमतेम हलला.

"सीटखाली वायर दबली होती," तो म्हणाला. "बसलो तशी सरकली."

सीटखाली वायर नव्हती. हे सरांनीही पाहिलं होतं, पण त्यांना वाशीम गाठायचं होतं.

चंपाबाई आत बसली. तिने डावीकडची गादी हाताने चाचपली आणि आपली पिशवी तिथे ठेवली.

"तू असं मनाले नव्हतं पाह्यजे, बाबू," ती म्हणाली.

"माय, तुयी गाडी सुधरली न? मंग झालं."

पावणेदोनला सरांचा फोन आला. बाजारात वीस मिनिटं गाडी उभी होती, काहीच झालं नाही. आई आत गेलीसुद्धा. "हुशार माणूस हा," असं ते म्हणाले. एरवी धनराजने हे दोनदा ऐकून घेतलं असतं. तेव्हा तो बाकावर बसला होता आणि त्याचे दात वाजत होते.

त्याने पंखा बंद केला. मग उन्हात येऊन उभा राहिला. मलेरिया असावा, असं त्याने ठरवलं.

चालत दुकानापर्यंत गेला तर बरं वाटलं. वायरीचं बंडल काढायला थांबला तर पुन्हा कण्यातून गारवा चढू लागला, अंगातली धग कोणीतरी ओढून घेत असल्यासारखा. पुन्हा चालला, बरं वाटलं.

दुकान आणि रस्ता यांच्यामधल्या नालीवरची ती फळी अरुंद होती. धनराज तिच्यावरून रस्त्यावर जायचा, नाक्यापर्यंत जायचा, परत यायचा. थांबायचा नाही.

चौथ्या फेरीला पंक्चरवाला जगदेव समोरून आला. रिकामटेकडा माणूस, दुपारी गप्पा हाणायला यायचा.

"काहून फिरून राह्यला उन्हात?"

"पाय मोकळे करून राह्यलो. तुले काय करा लागते?"

फळीवर एकावेळी एकच माणूस मावायचा. जगदेव बाजूला झाला. धनराज फळी ओलांडून रस्त्यावर आला, चार पावलं पुढे गेला आणि त्याने मागे वळून पाहिलं.

जगदेव अजून बाजूलाच उभा होता. रिकाम्या फळीकडे पाहत, परक्या माणसासाठी हलवतात तशी त्याने जरा मान हलवली. मागचा माणूस उतरेपर्यंत थांबावं, तसा थोडा थांबला. मग फळीवर पाय ठेवला.