शुद्ध पाण्यातला अंश

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या शेवटच्या टाकीतून दर सोमवारी बाटली भरायची आणि त्या शुद्ध पाण्यात औषधांचे कोणते अंश उरलेत ते यंत्रावर पाहायचं, हे तिचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण गावाची मूठ तिच्यापाशी उघडायची. मधुमेहाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, सगळं कळायचं.

त्या सोमवारी यंत्राच्या कागदावर तिच्या ताईचं औषध आलं.

आकडीच्या झटक्यांवरचं ते औषध परदेशातून यायचं आणि सगळ्या गावात एकटी ताईच ते घ्यायची. ताईला जाऊन सात महिने झाले होते.

"उरलेल्या गोळ्या संडासात टाकल्यास का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. आणि टाकल्या असत्या तर औषध जसंच्या तसं दिसलं असतं. हे कुणाच्या तरी शरीरातून गेलेलं आहे."

"मग असेल कुणी नवा पेशंट. एवढं काय घेऊन बसलीस?"

ती मात्र हट्टाला पेटली. रस्त्यावरची गटाराची झाकणं उघडत, ज्या फाट्यात अंश सापडेल तो धरत ती मागे मागे गेली. बाजार झाला, शाळा झाली. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच्या दारातल्या चेंबरपाशी उभी होती. त्या घरात आता ती एकटीच राहत होती.

कपाटातली ताईच्या गोळ्यांची पाकिटं शाबूत होती. तिने स्वतःची लघवी तपासली. अंश होता.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. ताई गेल्यापासून तिला काहीच वाटत नव्हतं, डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. ताईची तक्रारही हीच असायची. "या गोळीने माझा दगड होतो गं. रडूसुद्धा येत नाही. मी नाही घेणार." तेव्हापासून ती गोळी कुटून ताईच्या दुधात घालायची. "पी, नुसतं दूध आहे," म्हणायची. मेलेल्या ताईपेक्षा दगड झालेली ताई बरी, असं तिला वाटलं होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता तिला एवढंच हवं होतं, ताईसाठी एकदा पोटभर रडता यावं.

तिने दूध सोडलं. मग घरचं पाणी, मग जेवण.

दोन दिवस प्रयोगशाळेतल्या सीलबंद पाण्यावर काढले.

तिसऱ्या सकाळी नमुना यंत्रात घातला. आकडा दुप्पट आला.

तिने तो नोंदवला. डोळे कोरडेच होते. ताईनेही एकदा पेला तसाच परत केला होता. दुसऱ्या दिवशी ताईच्या दुधात तिने दोन गोळ्या कुटून घातल्या होत्या, आणि साखर जरा जास्त.